आहे त्याच तोंडानं

त्या रविवारी दानिएलकाका चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलेले दिसले, तेव्हा मला नवल वाटलं. ईस्टरला त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली होती, की प्रभूनं माझी दारू सोडवली. आणि आता आठवड्यापूर्वीच ते भरबाजारात पिऊन पडलेले अख्ख्या गावानं पाहिले होते.

प्रभुभोजनाची वेळ झाली; पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेऊन वेदीपाशी उभे राहिले. लोक वेदीपुढे जाऊन गुडघे टेकू लागले. काका जागचे हलले नाहीत. रांगेत पुढे गेलेल्या शांताकाकू, म्हणजे त्यांची बायको, मागे वळून त्यांच्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चला."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं. जेवायला दुसरं कुठून आणणार?"

मी त्यांच्या पुढच्याच बाकावर होतो. पडलेला माणूस म्हणतो, आधी उभा राहीन, मग देवाकडे जाईन. आणि तसाच बाहेर राहतो. पण कृपा कमावता आली असती, तर तिला आपण मजुरीच म्हटलं असतं.

काका त्यानंतरही एकदा घसरले. पुन्हा आले. दारू नेमकी कधी सुटली, हे त्यांनाही सांगता येत नाही. मला मात्र त्या रविवारचे काका आठवतात. ते गुडघ्यांवर होते आणि त्यांचे हात इतके थरथरत होते, की पाळकसाहेबांनी प्याला स्वतःच त्यांच्या ओठांशी धरला. मागची रांग थांबून राहिली होती, आणि कुणालाही घाई नव्हती.