काकांचा गुडघा, माझी माती

माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी ते सांगायची संधी मला कुणी दिली नाही.

गुडघा दुखत होता तो बापूकाकांचा. बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले आणि काकू गेल्यापासून फ्रीगंजात आमच्याकडेच राहतात. उजव्या गुडघ्यानं त्यांना इतकं छळलं होतं की गच्चीवर जाणंच त्यांनी सोडून दिलं. तिथल्या त्यांच्या कुंड्यांना मी जास्त पाणी घालून मोगरा मारला, असा त्यांचा माझ्यावर आरोप होता (आणि तो खरा होता). इंदूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. ऑपरेशन ऐकून काका घाबरले आणि खर्च ऐकून मी. आपापली भीती लपवून आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, की आधी साधे उपाय करून बघू.

साधा उपाय माझ्या बायकोनं, माधवीनं, शोधून काढला. देवास गेटच्या पुढे एका ट्रस्टचं निसर्गोपचार केंद्र आहे. गार पाणी, गरम पाणी, वाफ आणि माती, एवढ्यावर सगळे इलाज. फी इतकी कमी की काकांना संशयच आला. एवढ्या स्वस्तात हे लोक माणूस बरा करत असतील तर महागडे डॉक्टर काय झक मारतात, असं त्यांचं म्हणणं. पण माधवीपुढे आमच्या घरात कुणाचं चालत नाही. एका सकाळी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि काकांना ऑटोत घालून निघालो.

केंद्र बढिया होतं. पुढे कडुनिंब, झाडलेलं अंगण, आत शांतता. फक्त गुडघ्याचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. काका जिन्याकडे बराच वेळ बघत राहिले. काउंटरवरच्या बाईंनी आडनाव विचारलं, मी "देशमुख" म्हणालो. मग त्यांनी काकांना बजावलं की उपचार उपाशीपोटीच घ्यावे लागतील. हे मात्र काकांना सहन झालं नाही. "जरा पाय मोकळे करून येतो," असं म्हणत ते फाटकाबाहेर गेले. ज्या माणसाला पाय हलवता येत नाही म्हणून इथे आणलं, तो पाय मोकळे करायला गेला, यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात जिन्यावरून एक धिप्पाड गृहस्थ उतरले. गोकुलभैया त्यांचं नाव, पाण्याच्या उपचारांचे मुख्य. त्यांनी विचारलं, "देशमुखजी कौन?"

मी म्हणालो, "मैं ही हूँ." यात खोटं काय होतं? मी देशमुखच आहे.

त्यांनी माझा दंड धरला आणि एकेक पायरी सांभाळत मला वर नेलं. मला वाटलं, काकांची हकीकत विचारायला नेताहेत. वर गेल्यावर त्यांनी मोबाइल, घड्याळ, चश्मा एका टोपलीत ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. रुग्णाच्या नातेवाइकांसाठीही काही नियम असतील. मग कपडे काढायला सांगितलं. इथे मात्र मला शंका आली. मी स्पष्ट शब्दांत म्हणालो, "भैया, तकलीफ़ मेरे काका को है."

गोकुलभैयांनी समजुतीनं मान हलवली. "हाँ, ख़ानदानी होता है. काका को है तो आपको होगा ही."

चश्म्याशिवाय मला समोरचं माणूस नुसतं ढगासारखं दिसतं, आणि ढगाशी वाद घालायची मला सवय नाही. पुढच्या मिनिटाला मी पंचा नेसून गार पाण्याच्या टबात बसलो होतो. पाणी असं गार की तोंड उघडलं तरी शब्द बाहेर येईना. "मी नाही, काका" एवढंच सांगायचं होतं. त्यातलं "मी" बाहेर पडलं आणि पुढचं दात वाजण्यात गेलं. गोकुलभैया म्हणाले, की सुरुवातीला सगळेच असे करतात.

टबातून काढून मला वाफेच्या पेटीत बसवलं. नुसतं डोकं बाहेर. तिथून एका टेबलावर आडवं केलं, पांढरी चादर पांघरली, दोन्ही गुडघ्यांवर गरम पाण्याच्या पट्ट्या बांधल्या, पोटावर मातीचा जाड थर दिला आणि डोळ्यांवरही मातीच्या पट्ट्या ठेवल्या. आता खरं सांगतो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. काका खाली वाट बघत असतील, उठून नीट सांगायला पाहिजे, असा विचार करता करता मला चक्क झोप लागली.

पुढचं सगळं मला नंतर कळलं.

काकांचं कसं चाललंय हे विचारायला माधवीनं माझ्या मोबाइलवर फोन केला. टोपली खाली काउंटरवर ठेवायला आलेल्या गोकुलभैयांनी तो उचलला. इलाज काकांचा, तेव्हा तिथले देशमुखजी म्हणजे काकाच, असा तिचा सरळ हिशेब. तिनं विचारलं, "देशमुखजी कैसे हैं?"

"देशमुखजी तो ऊपर गए, भाभीजी."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं.

"ऊपर गए, काफ़ी देर हो गई. अब मिट्टी दे रहे हैं. आप टेंशन मत लो, हम सब कर देंगे."

त्यांच्याजवळ कुणी होतं का, एवढंच तिला कसंबसं विचारता आलं. गोकुलभैया म्हणाले, नाही, अकेले ही थे, बड़े शांत आदमी हैं.

माधवी मटकन खाली बसली. काका गेले, तेही एकटे, आणि आपला नवरा त्यांना सोडून कुठेतरी फिरतोय. (आपल्यात माती कशी देतील, हे त्या घाईत तिच्या लक्षात आलं नाही.) तिनं रडत रडत इंदूरला काकांच्या मुलीला, नंदाताईला, कळवलं. नंदाताई आणि जावई तसेच गाडीत बसले. शेजारच्या जोशीकाकूंना घेऊन माधवी ऑटोनं केंद्रावर आली.

फाटकाशी ऑटो थांबला आणि जोशीकाकूंनी तिचा हात घट्ट धरला. समोरच्या टपरीवर, बाकावर बसून, बापूकाका पोहे खात होते. वरून शेव घालून घेत होते.

माधवीला बघताच काकांनी प्लेट पाठीमागे लपवली. त्यांना वाटलं, उपाशीपोटी राहिलो की नाही हे बघायलाच सूनबाई आली. "मी फक्त चहा घेतला," ते म्हणाले.

माधवी त्यांच्याकडे बघतच राहिली. आनंद होतोय की भोवळ येतेय, तिला कळेना. रडत रडत तिनं फोनवर ऐकलेलं सगळं सांगितलं. देशमुखजी वर गेले, माती देताहेत. मग एकदम थांबली. काका तर इथे आहेत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात देशमुख अजून एकच होता.

काकांच्या हातून प्लेट खाली पडली. जोशीकाकू आजही सांगतात, की तो माणूस फाटकातून असा आत घुसला आणि जिना असा चढला, की माधवी मागे राहिली आणि काउंटरवरच्या बाई नुसत्याच "अंकलजी, अंकलजी" करत राहिल्या.

मला जाग आली ती पायाला कुणाचा तरी हात लागला म्हणून. डोळ्यांवर माती, अंगावर पांढरी चादर, आपण कुठे आहोत तेही मला आठवेना. कानाशी काकांचा आवाज आला, फार हळू.

"बाळ्या, उठ रे. मोगऱ्याचं मी नुसतं बोलायचो."

मी उठून बसलो. पोटावरची माती मांडीत पडली. दारात पोचलेली माधवी किंचाळली, आणि गोकुलभैया सगळ्यांना रागावले, की मिट्टी अजून सुकायची आहे. काकांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, नीट बघितलं, आणि मग एकदम चिडून विचारलं, की मूर्खा, तू इथे काय करतोयस.

गडबड ऐकून तिथल्या डॉक्टरीणबाई आल्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी विचारलं, गुडघा नक्की कुणाचा दुखतो? काकांनी हात वर केला. बाईंनी विचारलं, मग तुम्ही वर कसे आलात?

काकांनी खाली, आपल्या पायांकडे पाहिलं. पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. मग ते जिना उतरले, आणि कुणी सांगितलं नसताना परत चढून आले.

दुपारी नंदाताई पोचली. वडील पोह्यांची दुसरी प्लेट खात बसलेले बघून ती आधी रडली आणि मग मला बोलली. मला सर्दी झाली होती, त्यामुळे मी नुसता शिंकत राहिलो.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, गुडघ्यापेक्षा भीतीच जास्त होती, आता रोज थोडं चाला. काकांना हे पटलं नाही. त्यांच्या मते इलाजाचाच गुण आला. इलाज मला झाला, मी हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुला केलेलं मला लागू पडतंय ना? मग कोर्स मधेच सोडायचा नाही."

माधवीलाही ते पटलं. तेव्हा दर रविवारी आम्ही दोघं जातो. काका बाहेर बाकावर पोहे खातात, मी वर माती लावून पडतो. शेवटी डॉक्टरीणबाई विचारतात, "घुटना कैसा है?"

मी म्हणतो, "एक मिनट," आणि पंचा सावरत खाली जाऊन विचारून येतो.