दोन बाजूंचा शिंपी

भावोजींच्या रेकॉर्ड प्लेअरच्या तबकावर मी चहाचा कप ठेवला, तेव्हा तो बंद होता, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. त्याचं बटण शिलाई मशीनपाशी. भावोजींनी मान वर न करता ते दाबलं. कपाने मोठ्या डौलात अर्धी फेरी मारली, मग चहा यंत्राच्या पोटात गेला. दुरुस्तीवाल्याने यंत्र हुंगलं आणि म्हणाला, "साखर जास्त होती. पंधरा दिवस लागतील."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, कोट शिवतात. उमेदवारीच्या दिवसांपासून महिन्याला एक रेकॉर्ड विकत घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. घरातलं एकमेव धड कपाट त्यांनी भरलंय. "शिंप्याच्या घरात कपडे खुंटीला आणि गाणी कपाटात," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. भावोजी सुई ओठांत धरतात, म्हणजे उत्तर द्यायला नको. नव्या रेकॉर्डच्या पाकिटावरची बारीक अक्षरं ते छापखान्याच्या पत्त्यासकट वाचतात, आणि मग तेच पाकीट कापडावर ठेवून काटकोन तपासतात.

त्या आठवड्यात एका नव्या हॉटेलच्या दरवानांचे आठ कोट शुक्रवारी सकाळपर्यंत द्यायचे होते. पसंत पडले, तर हॉटेलचं सगळं शिवणकाम कायमचं भावोजींकडे येणार होतं, आणि या वयात दारोदार मापं घेत फिरणं थांबणार होतं. नेमकं अशा वेळी दुकान मुकं. अपराधी मनाने मी त्यांच्या फोनमध्ये तीनशे गाणी डाउनलोड करून दिली. त्यांच्याच रेकॉर्डींवरची, शोधून शोधून.

"ही ठेवायची कुठे?" भावोजींनी विचारलं.

"ठेवायची कशाला? फोनमध्येच आहेत."

"सगळी?"

"सगळी. उठायला नको, उलटायला नको. एकदा लावलं की दिवसभर वाजतंय."

"म्हणजे आता यांना जेवायला उठवायचं कामही माझ्याकडे," ताई म्हणाली.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. "ये. तुझा पराक्रम बघायला ये."

टेबलावर सोळा बाह्या होत्या. सोळाच्या सोळा उजव्या.

भावोजींची शिवायची रीत मला त्या दिवशी ताईकडून कळली. रेकॉर्डची पहिली बाजू वाजते तोवर उजवी बाही. बाजू संपली की उठायचं, पाठ सरळ करायची, रेकॉर्ड उलटायची, आणि येऊन डावी घ्यायची. उजवं-डावं डोक्यात ठेवायची गरजच नाही. कोटांचं कापड दोन्ही अंगांनी सारखं दिसणारं, त्यामुळे डाव्या बाहीचे तुकडे उलटे जोडले तरी डोळ्याला खटकत नव्हते. फोनला उलटायची बाजूच नव्हती. तो एकाच बाजूने वाजत राहिला आणि भावोजी एकाच बाजूच्या बाह्या शिवत राहिले.

"तीस वर्षांत पहिल्यांदा," ताई म्हणाली. "आणि पाठ धरलीय ती वेगळीच."

"मेव्हण्यांना कात्री देऊ नकोस," भावोजी म्हणाले. "ब्लेड दे. छोटं."

आठ बाह्या उसवायला आम्ही तिघं बसलो. मी शिवणीबरोबर कापडही दोन ठिकाणी उसवलं, तेव्हा ताईने ब्लेड काढून घेतलं आणि मला दोरे वेचायला लावलं. ते मात्र मी चांगले वेचले.

शुक्रवारी सकाळी सात कोट वेळेवर गेले. आठवा दुपारी पोचला, आणि तोवर आठव्या दरवानाला मागच्या दारी उभं केलं होतं, जिथे कुणी येत नव्हतं. मॅनेजरने आठही जणांचे हात वर करवले, खाली करवले, स्वतः दोन खांदे चाचपले.

"बाह्या छान बसल्यात," तो म्हणाला. "काम तुमच्याकडे. पण पुढच्या खेपेला सगळे एकदम हवेत."

"मिळतील," भावोजी म्हणाले.

परतताना ते सरळ रेकॉर्डच्या दुकानात शिरले. प्लेअर अजून दुरुस्तीत होता, तरी एक घेतलीच. मला राहवलं नाही.

"भावोजी, गाणं तेच, गाणारा तोच. उलट फोनमध्ये खरखरसुद्धा नाही. मग रेकॉर्डमध्ये असं जास्तीचं काय आहे?"

भावोजींनी पिशवी काखेत मारली.

"ती संपते."