पाटीबाहेरची चार घरं

खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या डब्यावर कुणाचं चित्र छापायचं, हे ठरवायचीही नोकरी असते, हे माझ्या भावाला अजून खरं वाटत नाही. मी पुण्यात तेच करते. कुठल्या सिनेमाचे, कुठल्या कार्टूनचे हक्क घ्यायचे, त्यातली घरं, गाड्या, माणसं ठोकळ्यांची केली तर पोरं हट्ट धरतील का, हे शोधून साहेबांपुढे मांडायचं. शिकलीसवरली माणसं यावर तासन् तास भांडतात. मीही भांडते, आणि त्या वर्षी जरा जास्तच भांडले.

शेवटी दोनच नावं उरली होती. एक परदेशी सिनेमांची मालिका, अंतराळातल्या लढायांची. दुसरी आपल्याकडची कार्टून मालिका, एका खेड्यातल्या पाच पोरांची. साहेबांचा कल अंतराळाकडे होता, आणि त्यांचं कारण चुकीचं नव्हतं. आमच्या धंद्यात पहिला डबा कसाही खपतो. प्रश्न असतो दुसऱ्या डब्यात काय. अंतराळात यानांना तोटा नाही. खेड्यात काय आहे? शाळा, विहीर, पार, ट्रॅक्टर. संपलं गाव. दुसऱ्या डब्यात काय देणार, दुसरी विहीर? असं साहेब म्हणाले आणि सगळे हसले.

ते हसणं मला झोंबलं. मला ते खेडंच हवं होतं. हिंगोलीकडच्या पोरांनी डब्यातून आपल्यासारखं गाव निघालेलं कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी मीही नाही. शिवाय माझं कंत्राट संपत आलं होतं, आणि हिची निवड कधी लागू पडत नाही, अशी कुजबुज माझ्या कानावर आली होती. मी हट्टाला पेटले. नमुन्याचा डबा पोरांच्या हाती देऊन बघायची चाचणी माझ्या गावात घेते म्हणाले.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडून आत गेलं की आमचं गाव. भावानं रविवारी शाळेच्या व्हरांड्यात आठ पोरं जमवली. पाच गावातली, तीन आमच्या बौद्धवस्तीतली, त्यात एक त्याची स्वतःची मुलगी, चौथीतली. सगळी एका वर्गातली, एकाच पंगतीत शाळेची खिचडी खाणारी. डब्यात एक हिरवी पाटी असते, वहीच्या दुप्पट. तिच्यावर ठोकळे घट्ट बसतात, गाव तिच्यावरच उभं करायचं. कसं बांधायचं ते सांगणारी पुस्तिका मी मुद्दाम लपवली आणि म्हणाले, कार्टूनमधलं नको, आपलं गाव करा.

तासाभरात त्यांनी शाळा, मारुतीचा पार, किराणा दुकान आणि पिठाची गिरणी उभी केली. पोरं जेवायचं विसरली. मी फोटो काढत होते आणि मनातल्या मनात साहेबांना वाकुल्या दाखवत होते. तेवढ्यात माझी भाची उरलेले ठोकळे ओंजळीत घेऊन वीतभर लांब सरकली आणि खाली फरशीवर चार घरं मांडायला लागली. पाटीवर अर्धी जागा मोकळी होती. फरशीवर ठोकळे धरत नाहीत, धक्का लागला की पडतात. तिची दोनदा पडली, तिनं दोनदा उभी केली.

मी विचारलं, "तिकडं काहून मांडून राहिलीस? पाटीवर जागा हाय की."

"आपली घरं रस्त्याच्या पल्याड हायेत ना, आत्या," ती म्हणाली. "तिथं मांडली तर चूक होईल."

तिला कुणी ढकललं नव्हतं, कुणी टोकलं नव्हतं. उलट गावातल्या एका पोरानं मदत म्हणून मधला रस्ता खडूनं आखून दिला. विहारासाठी निळा ठोकळा सापडला तेव्हा भाचीनं टाळी वाजवली. भाऊ कौतुकानं सांगत होता की कुणाचं घर कुणाच्या शेजारी, हे तिला अगदी पाठ आहे. मला तिच्या त्या आनंदाचंच फार वाईट वाटलं. मी शिव्या ऐकत मोठी झाले. शिवीला निदान उलटून बोलता येतं. इथं बोलायचं कुणाला?

परतताना गाडीत ते फोटो मी किती वेळा पाहिले कोण जाणे. चार घरं कापून फोटो पाठवता आला असता, नाही तर खरं काय ते लिहिता आलं असतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. अहवालात लिहिलं, मुलं पाटीच्या बाहेरही बांधतात. इतकं भित्रं वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

साहेबांनी नेमकं तेच उचललं. दुसरा डबा सापडला म्हणाले. रस्त्यापलीकडची चार घरं, त्यांची छोटी वेगळी पाटी, आणि तिच्यावर त्यांची वेगळी विहीर. बाहेर बांधायचं पोरांना सुचलं कसं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पोरांची कल्पनाशक्ती. खेडं जिंकलं, अंतराळ हरलं, मी नोकरीत कायम झाले. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या. लाज वाटत होती, तरी वाजवल्या.

डबे दुकानात यायच्या आधी मी दोन्ही भावाकडे पाठवले. संध्याकाळी भाचीचा फोन आला. दुसरा डबा कुणाचा, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नव्हती. तिचं एवढंच विचारणं होतं, "आत्या, आपली पाटी त्यांच्या पाटीला जोडता येते का?"

जोडायची तर पाटीच्या कडेला खाच लागते. खाचेनं साचा महाग होतो, म्हणून ती काढून टाकायचं ठरलं तेव्हा मी बैठकीत बसले होते आणि मान डोलावली होती. मी तिला सांगितलं की जोडता येत नाही, पण शेजारी ठेवता येते.

"बराबर हाय," ती म्हणाली.