तेहरान आणि घरटी पायली

रक्त थांबत नव्हतं आणि डॉक्टर मीटिंगसाठी औरंगाबादला गेले होते.

अंबडच्या दवाखान्यात मी तेव्हा मॅटर्निटी वॉर्डची सिस्टर इन्चार्ज होते. म्हणजे वॉर्डातलं सगळं माझ्या नावावर: पेशंट, औषधं, चादरी, आणि काही बिघडलं तर वरून येणारी बोलणी. टेबलावर होती शकुंतला, जवळच्या गावच्या रंगनाथ तात्यांची सून. पहिलटकरीण. मूल नीट झालं, वारही पडली, आणि त्यानंतर धार लागली.

आम्ही याला पीपीएच म्हणतो. बाळंतपण झालं की गर्भपिशवी आवळून घट्ट व्हायला हवी. ती सैल राहिली तर आतल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी राहतात आणि बाई बघता बघता पांढरी पडते. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पोट चोळलं. पिशवी तशीच सैल. मग एकच उपाय उरतो. एक हात आतून, दुसरा पोटावरून, आणि पिशवी दोन्हींच्या मध्ये दाबून धरायची. ती आवळेपर्यंत सोडायची नाही. आधी हाताला मुंग्या येतात, नंतर हात आपला आहे हेच कळेनासं होतं. तरी सोडायचा नाही.

पिशवी आवळली. शकुंतला वाचली. मी बाहेर आले तेव्हा तिच्या सासूने माझे हात धरले आणि म्हणाली, "मायचा हात उतरलाय तुमच्या हातात." मी म्हणाले की हे नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तिने ते ऐकलंच नाही.

माझी आई त्यांच्याच गावची सुईण होती. तिला हा उपाय माहीत नव्हता. कोणी शिकवलाच नव्हता.

त्याच आठवड्यात मला तेहरानला जायचं की नाही ते ठरवायचं होतं.

बहात्तरचा दुष्काळ संपून तीनेक वर्षं झाली होती. इराणात तेलाचा पैसा आला होता. दवाखाने उभे राहत होते, नर्सेस मिळत नव्हत्या. मुंबईला इंटरव्ह्यू होते. मीही जाऊन आले. इंटरव्ह्यू घेणाऱ्या इराणी गृहस्थांनी त्यांच्या फारसी लिपीतला एक कागद पुढे सरकवला आणि हे काय आहे ते ओळखता का म्हणून विचारलं. मी निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत शिकलेली, उर्दू आम्हाला छडीखाली शिकवलेली. मी तो कागद घडाघडा वाचला. ते खूश झाले. अर्थ विचारला असता तर पंचाईत होती.

सिलेक्शन झालं. आता ऑफिसची एनओसी लागणार होती, म्हणजे या बाई बाहेर गेल्या तरी आमची हरकत नाही असं पत्र. सोबत लीन. लीन म्हणजे बाहेर काम केलं तरी इथल्या जागेवरचा आपला हक्क शाबूत राहतो. आमचे मेडिकल ऑफिसर डॉ. मुळे यांनी हे दोन्ही वरून मंजूर करून आणलं होतं. फक्त त्यांची सही आणि माझा होकार बाकी होता. शनिवारपर्यंत सांगा, म्हणाले.

माझी ट्रेनिंगची मैत्रीण रूथ तेहरानहून सुट्टीवर जालन्याला आली होती. मी रविवारची एसटी धरून तिला भेटायला गेले. तिने कौतुकाचं काहीच सांगितलं नाही. पगार ऐकून नाचू नको, म्हणाली. एका खोलीत चौघी. भाडं दरसाल चढतं, आणि कुरकुर केली की मालक दाराकडे बोट दाखवतो, कारण बाहेर दुसऱ्या चौघी उभ्याच असतात. रस्ता ओलांडायचा म्हणजे जिवावर उदार होऊन. टॅक्सीत अनोळखी माणसांबरोबर कोंबून बसायचं. हिवाळ्यात बर्फ, आणि रॉकेलच्या शेगडीजवळ कोणाची कॉट लावायची यावरून भांडणं. भाजी घेताना अजूनही आपल्या रुपयांत हिशोब होतो आणि हात मागे येतो.

"मग परत कशाला चाललीस?" मी विचारलं.

"भावाच्या घरावर स्लॅब पडायचाय," ती म्हणाली. "तो पडला की दुसऱ्या भावाचा."

घरी माझे मिस्टर हायस्कूलला शिक्षक. ते म्हणाले, तू ठरव, मी अडवणार नाही, पण नोकरी आणि पोरांची शाळा सोडून मी येणार नाही. हे रास्तच होतं. आई आमच्याकडेच राहायची. तिने तेहरान कुठे आहे एवढंच विचारलं. मी दिशा दाखवली. ती त्या दिशेच्या भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, लांब हाय.

मी भावनेने ठरवणारी बाई नाही. एका बाजूला पगार. दुसऱ्या बाजूला खोलीतल्या चौघी, ते भाडं, पोरांपासून लांब राहणं, आणि हा वॉर्ड. मी आले तेव्हा वॉर्डात टेबल होतं आणि कुत्री झोपत होती. उकळलेली हत्यारं, झाकलेले ट्रे, रात्रीसुद्धा जागी असलेली बाई, हे सगळं बसवायला वर्षं गेली होती. शकुंतलाच्या बाळंतपणानंतर मला वाटलं, हे इथेच उपयोगाचं आहे. गुरुवारी मी डॉक्टरांना सांगितलं, मी राहते.

त्यांनी एनओसी ड्रॉवरमध्ये ठेवली. "शनिवारपर्यंत फाडत नाही," म्हणाले. "बायकांचं मन बदलतं."

मी म्हणाले, माझं बदलत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रंगनाथ तात्या माझ्या क्वार्टरवर आले, गावातल्या तिघाचौघांना घेऊन. तात्या म्हणजे सरपंच, गावचे जुने जमीनदार. पटका, काठी, बोलणं स्वच्छ. माणूस वाईट नव्हता. मिस्टरांनी खुर्च्या दिल्या. आईने आतून चहा पाठवला. सगळ्यांनी घेतला.

मी राहायचं ठरवलंय हे त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मीही लगेच सांगितलं नाही. खरं सांगायचं तर कोणी थांबा म्हणायला आलंय, हे ऐकायला बरं वाटत होतं. सरकारी नोकरीत तसं कोणी येत नाही.

"सिस्टरबाई, तुम्ही परमुलखात जाऊ राह्यल्या म्हनं," तात्या म्हणाले. "मंग आमच्या लेकीसुनांनी कुठं जायचं?"

"जालन्याला मोठा दवाखाना आहे."

"जालन्याला पोचस्तोवर काय व्हतं ते तुम्हीच बघितलं. आमची सून तुम्ही होता म्हणून बसलीय उठून. म्हणून आम्ही काल पारावर बैठक घेतली. सगळ्यांचं एकमत झालं. बाईंना जाऊ द्यायचं न्हाई."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मला आत कुठेतरी चांगलं वाटलं. मी सांगणारच होते की जात नाही. तेवढ्यात तात्या खुर्चीत पुढे सरकले. एखादी मोठी गोष्ट द्यायला आलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"आम्ही रिकाम्या हातानं न्हाई आलो," ते म्हणाले. "सरकार पगार देतंच, ते बराबर. पण गावाचं बी काही असतं. या सुगीपासून खळ्यावर तुमचा वाटा निघंल. घरटी एक पायली ज्वारी. तुमच्या मायचा व्हता तोच. मधी बंद पडला व्हता, तो पुन्हा चालू करू."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावात सुतार, लोहार, महार, मांग यांना वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. ते बलुतं. माझी आई अडलेल्या बायका सोडवायची आणि सुगीला सूप घेऊन खळ्याच्या कडेला उभी राहायची. मालक ओतेल ते घ्यायचं. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो. आमच्या वस्तीने ठरवलं की बलुतं घ्यायचं नाही आणि बलुत्याची कामं करायची नाहीत. आईने ते अर्धंच पाळलं. बाई अडली की ती जायची. पण खळ्यावर पुन्हा उभी राहिली नाही. त्या वर्षी आम्ही काय खाल्लं ते मला आठवतं.

मी म्हणाले, "मला पगार मिळतो, तात्या. ज्वारी नको."

त्यांना वाटलं मी आढेवेढे घेतेय. त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. एकाने हळूच मान हलवली.

"दीड पायली करू," तात्या म्हणाले.

मग मी विचारलं, "डॉक्टरांना किती पायली ठरवली?"

"डागदरांना?" ते हसले. "त्यांना कशाची ज्वारी? ते सरकारी मानूस."

"आणि मी कोण?"

"तुम्ही?" तात्या अगदी मायेने म्हणाले. "तुम्ही आपल्या घरच्या."

त्यांच्या आवाजात अपमानाचा लवलेशही नव्हता. तो असता तर मी उत्तर दिलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. त्यांनी मला त्यांच्याकडचं सगळ्यात चांगलं देऊ केलं होतं. माझं ट्रेनिंग, रजिस्ट्रेशन, पांढरा युनिफॉर्म, यातलं त्यांना काहीच दिसत नव्हतं. दिसत होता तो आईच्या हातातल्या सुपाशेजारी दुसरं सूप धरलेला माझा हात. मी म्हणाले, उद्या सांगते. ते समाधानाने गेले.

आई दाराआड बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"चहा पिले का?" तिने विचारलं.

"पिले."

"का नुसता तोंडाला लावून सांडला?"

"प्यायला गं. सगळ्यांनी."

"मंग तेवढंच सुधरलंय," ती म्हणाली आणि कप धुवायला घेतले.

मिस्टर म्हणाले, अडाणी माणसं आहेत, मनावर घेऊ नको. मी म्हणाले, मनावर घेत नाही. तेहरान गर्दीचं असेल, महाग असेल, चौघींच्या खोलीत झोपावं लागेल. पण तिथे माझी आई कोण होती हे कोणाला माहीत असणार नाही. हा फायदा मी हिशोबात धरला नव्हता. तो धरल्यावर उत्तर बदललं.

शनिवारी मी डॉ. मुळ्यांकडे गेले आणि एनओसी मागितली.

"गुरुवारी तर राहते म्हणालात."

"म्हणाले होते."

"मग झालं काय?"

"गावकऱ्यांनी खळ्यावरची ज्वारी देऊ केली."

डॉक्टर मोठ्याने हसले. "अहो, मग घ्यायची की. रेशनच्या त्या लाल मिलो ज्वारीपेक्षा कितीतरी बरी."

मी पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी सही केली.

तेहरान रूथने सांगितलं होतं तसंच निघालं, भाडं थोडं जास्त. घरी पैसे पाठवले, पोरांच्या फिया भरल्या, पाठ धरली. वॉर्डात मला खानम म्हणायचे, म्हणजे बाई. कामात चुकलं की ओरडायचे, बरोबर केलं की पुढचं काम सांगायचे. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. करार संपला तेव्हा तिथे मोर्चे सुरू झाले होते. मी करार वाढवला नाही. अंबडला हजर झाले.

वॉर्डाला कुलूप होतं.

डॉ. मुळ्यांची बदली झाली होती. नवीन डॉक्टरांनी कारण सांगितलं. जागेवर माझं लीन, म्हणून कायमची नेमणूक करता येईना. तात्पुरती भरता येते, पण त्यासाठी औरंगाबादच्या ऑफिसच्या मागे लागावं लागतं. ते कोणी केलं नव्हतं. अवघड बाळंतपण आलं की जालन्याला पाठवत.

मी हजर झाले त्याच आठवड्यात तात्या आले. एकटेच. पटका होता, पण काठीवर भार जास्त होता. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी तेहरानला असताना शकुंतलाला दुसऱ्या खेपेला दिवस गेले होते. एकदा पीपीएच झालेल्या बाईला पुढच्या वेळी पुन्हा होण्याची भीती जास्त असते. हे मी त्या वेळी तिच्या सासूला बजावलं होतं. म्हणूनच ते तिला वेळेत घेऊन दवाखान्यात आले, कुलूप बघितलं आणि जीप करून जालन्याला निघाले. मूल वाटेत झालं. मुलगी. ती जगली. शकुंतला जालन्याला पोचली तेव्हा संपली होती.

"तुम्ही असत्या तर वाचली असती," तात्या म्हणाले.

"वाचली असती," मी म्हणाले. "दुसरी कोणी नर्स असती तरी वाचली असती. जागा भरा म्हणून औरंगाबादला कोण गेलं होतं?"

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"एखादा अर्ज? मागणी? तुम्ही सरपंच आहात."

"कुणीच न्हाई गेलं," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुम्ही याल."

मी कुलूप काढलं आणि आत जाऊन टेबल धुवायला घेतलं. पुढे बरीच वर्षं नोकरी केली, बदल्या झाल्या. जिथे गेले तिथल्या गावकऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगत आले की मी सरकारची नर्स आहे, माझी इथे एक जागा आहे, आणि मी गेले की ती जागा औरंगाबादला जाऊन मागायची. लोकांना हे बोलणं कोरडं वाटायचं. पण जागा मागता येते. घरची मानलेली बाई कोणी मागायला जात नाही. तिची नुसती वाट बघतात.