राणीची वाटी

सुनेनं आज नाचणीची खीर पुढं ठेवली. गुळाचा तो वास आला आणि माझं डोकंच फिरलं. सून बिचारी घाबरली. राग तिच्यावर नव्हता.

लहानपणी निरगुडसरच्या शाळेत आमचं गॅदरिंग होतं. नाटकात मी जुन्या काळातली तरुण राणी, आणि गावात तिच्या मामाकडं शिकायला आलेली, डोंगरातल्या तळेघरची सखू माझी दासी. राणीला कोणी विष घालेल म्हणून दासी आधी चाखते, मग राणी खाते, असा प्रवेश होता. त्यासाठी सखूच्या आईनं घरच्या नाचणीची खीर केली होती. एसटी चुकली म्हणून निम्मी वाट चालत, डबा पदराखाली धरून ती आली होती.

सखूनं चमचाभर चाखून वाटी माझ्या हातात दिली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून माझी आत्या उठली. "त्या डोंगरातल्या पोरीचं उष्टं आमची पोर खानार न्हाई!"

नाटक बसवणाऱ्या बाई खाली बघत राहिल्या. सखूची आई मागं खांबाला धरून उभी होती.

एक घास खाल्ला असता, तर आत्यानं फार तर दोन रट्टे दिले असते. मी वाटी खाली ठेवली. डोक्यावर मुकुट तसाच होता.

लहान होते, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. लहान कसली! सखूही माझ्याच वयाची होती. पडद्यामागं तिनं ती वाटी बोटानं पुसून संपवली आणि माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "बघ राणी, मी मेले का? इख न्हवतं गं त्यात."