चिंचेनं उजळलेलं काडतूस

सासऱ्यांनी सैन्यातून आणलेलं महायुद्धातलं जर्मन काडतूस बायको जिवापाड जपते. ते सरावाचं, त्यात बारूद कधीच नव्हती. कामठीचे एक संग्राहक पारखायला आले. सरावाच्या काडतुसाची खूण असलेल्या अंगावरच्या उभ्या खाचा, बुडावरची कारखान्याची अक्षरं त्यांनी भिंगातून पाहिली.

"आहे अस्सल. पण जुना काळपटपणा घासून घालवला कोणी?" म्हणत त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. मी चहाच्या कपबशा उचलून आत नेल्या.

ते गेल्यावर मला राहवेना. "पाहुणे येणार म्हणून मीच घासलं. चिंचेनं."

"मले माहीत आहे. डब्यातली चिंच काय मांजरानं खाल्ली? त्यांच्यासमोर तुम्ही काहून नाही बोलले?"

तिनंच त्या संग्राहकांना फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून ‘हॅलो’ आलं, आणि एरवी मोजकंच बोलणारा मी चिंचेपासून सगळं कबूल करत आयुष्यात पहिल्यांदा भरभरून बोललो.