पाहणीबाईंचा तिसरा मजला

पाहणीबाईंच्या हाताखाली जो शिकला, तो त्यांचा आवाज जन्मात विसरणार नाही. भूकंप होवो, पूर येवो, पहिल्या काही तासांत गल्लोगल्ली फिरून काय पडलं, कोण अडकलं, कुणाला आधी काय लागेल हे बघून कळवणारी जी माणसं असतात, ती तयार करणं हे बाईंचं काम. नगरपालिकेच्या जुन्या गोदामात वर्ग भरायचा. शिपाई, शिक्षक, नर्स, वायरमन असे सगळे यायचे आणि बाई त्यांना पहिल्याच दिवशी फैलावर घ्यायच्या.

"तुम्ही वाचवायला जात नाही आहात. वाचवणारे मागून येतायत. तुम्ही बघायचं, विचारायचं, वायरलेसवर कळवायचं आणि पुढचं घर गाठायचं. एका दारात रेंगाळलात की मागची अख्खी गल्ली गेली म्हणून समजा!"

बाई दुष्ट होत्या असं नाही. फार वर्षांपूर्वीच्या पुरात त्या स्वतः अशा तुकडीत होत्या. पहिल्या गल्लीतल्या लोकांनी आकाशपाताळ एक केलं, तुकडी दिवसभर तिथेच अडकली, आणि नदीकडच्या शेवटच्या गल्लीत कुणी फिरकलंच नाही. तिथे ओरडायलाही कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून, जो ओरडतोय त्याच्यात जीव आहे, गप्प आहे त्याच्याकडे आधी बघा, हे बाईंनी इतक्या जणांच्या डोक्यात भरवलं की त्यांचे विद्यार्थी म्हणे घरीसुद्धा रडणारं पोर सोडून गप्प बसलेल्या पोराकडे आधी धावायचे.

सरावाला एक अडकलेला माणूस लागे. ते काम बाईंच्या नवऱ्याकडे. ते बसवरचे निवृत्त कंडक्टर, आणि निवृत्त झाले तरी सगळ्यांचे कंडक्टरच. गोदामामागच्या अंधाऱ्या खोलीत, मोडक्या कपाटांच्या आड बसून ते विव्हळायचे, शिव्या घालायचे, "आधी माझं बघा, माझी ओळख वरपर्यंत आहे," असा दम भरायचे. तुकडी यायची, चार प्रश्न विचारायची, दार ओढून निघून जायची. वर्ग सुटेपर्यंत कंडक्टर तिथेच. पुढे अर्धांगाचा झटका येऊन डावा पाय लुळा पडला, तरी त्यांनी हे काम सोडलं नाही. उलट म्हणायचे, "आता तर नाटकही करावं लागत नाही."

त्यांना तिथे सोडून जाताना एकाच विद्यार्थिनीचा पाय निघत नसे. ती सरकारी दवाखान्यातली नर्स. दारातच तिचे डोळे भरायचे, म्हणून वर्गाने तिचं नाव रडूबाई ठेवलं होतं. तिने एकदा विचारलं, "मॅडम, माणसाने हात धरून ठेवला तर?"

"सोडवून घ्यायचा," बाई म्हणाल्या.

जमीन खरोखर हलली तेव्हा बाई वर्गातच होत्या; त्या दिवशी सराव नव्हता, म्हणून कंडक्टर घरीच होते. हादरा थांबताच तुकड्या शिकवल्याप्रमाणे आपापल्या भागात पांगल्या. बाईंनी वायरलेसपाशी बसून सगळीकडची खबर घ्यायची, असं ठरलेलं होतं. त्यांनी यंत्र वायरमनच्या हातात कोंबलं आणि घराकडे धूम ठोकली.

त्यांची इमारत एका अंगाला कलली होती. शेजारीपाजारी रस्त्यावर उभे होते, त्यात कंडक्टर नव्हते. कललेल्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही, सख्खा बाप आत असला तरी, हे बाईंचंच वाक्य. शेजाऱ्यांनी अडवायच्या आत त्या जिन्यात घुसल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर पोचून त्यांनी खांद्याने दार ढकललं, आणि तेवढ्यात दुसरा हादरा आला. मागे मोठा धडाका झाला. धूळ खाली बसल्यावर वळून बघतात, तर जिन्याच्या जागी नुसतं भगदाड.

कंडक्टर पलंगाच्या कडेला काठी धरून बसले होते. "आलीस? आता जा परत."

"कुठून जाऊ? जिना गेला."

ते तशातही हसले. "म्हणजे मास्तरीणबाईच नापास!"

बाईंना हसू आलं नाही. बाहेर पडायला खिडकी होती, पण चोरांच्या भीतीने तिला जाड लोखंडी जाळी त्यांनीच हट्टाने बसवून घेतली होती. ती हलवून हलवून त्यांचे तळहात सोलवटले. जमीन उतरती झाली होती, टेबल आपोआप भिंतीकडे सरकत होतं. कोपऱ्यातल्या खांबाला तिरकी भेग गेली होती, आणि तशी भेग म्हणजे काय हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तरी बाईंना कळत होतं. न बघावं म्हटलं तरी नजर तिकडेच जायची. इतकं शिकल्याचा त्यांना त्या क्षणी मनापासून राग आला.

मग खालून हाक आली. "वर कोण आहे का?"

रडूबाई! बाईंनी जाळीला तोंड लावलं. "मी आहे गं! मी आणि हे!"

नर्सचा चेहरा पांढराफटक पडला. पण विचारायचं ते तिने विचारलं. "चालता येतं? वाट आहे?"

"यांना नाही येत. जिना पडलाय."

"जखमी आहे कुणी?"

मागून कंडक्टर हळूच म्हणाले, "सांग, पाय मोडलाय म्हणून. तसाही तो कुठे कामाचा आहे!"

गावात उंच शिडीची गाडी एकच होती. जखमी म्हटलं की ती आधी इथे येणार, धडधाकट म्हटलं की सगळ्यात शेवटी. हा क्रम बाईंनीच लावला होता. तो शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आला. समोरचं औषधांचं दुकान वरच्या मजल्यांसकट बसलं होतं, आणि मघापासून तिथून चकार शब्द ऐकू आला नव्हता.

"नाही," बाई म्हणाल्या. "दोघंही शुद्धीवर, जखम नाही. तू औषधांच्या दुकानाकडे बघ. तिथून आवाज नाही."

"मॅडम, मी थांबते ना इथे. थोडा वेळ."

"रडायचं तर चालता चालता रड! नीघ!"

नर्सने नाक पुसलं. वायरलेसवर कळवलं, "तिसरा मजला, दोन जण, जखमी नाहीत," आणि वळून रस्ता ओलांडला. एकदाही मागे बघितलं नाही. इतकी वर्षं शिकवून बाईंनी ही पाठ आतल्या बाजूने कधी पाहिली नव्हती. तिला परत बोलवावं, पाया पडावं, काहीही करावं असं त्यांना वाटलं. त्या जाळीला धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

"गेली," त्या म्हणाल्या.

"जातातच," कंडक्टर म्हणाले.

खांबातून बारीक खडी गळाली. बाई येऊन पलंगावर बसल्या. आजवर कधी न सुचलेला प्रश्न त्यांना आता सुचला.

"अहो, गोदामात आम्ही निघून गेल्यावर तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? भ्यायचो."

"इश्श! ते तर सगळं खोटं होतं."

"दार लागल्यावर कुठलं खोटं? वाटायचं, ही माणसं परत आलीच नाहीत तर? घाम फुटायचा. दर वेळी."

"मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू तिथे दुसऱ्या कुणाला तरी बसवलं असतंस," कंडक्टर म्हणाले.

बाईंनी सोलवटलेल्या हातांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला, आणि शिडीच्या गाडीचा आवाज येतो का ते ऐकत दोघं बसून राहिली.